मंगळवार पेठेतले एकशे बारा चेहरे

शांतव्वा गेल्या त्या दिवशी सोमअण्णा सकाळपासून स्टुडिओत त्यांचा एक फोटो शोधत होते.

दोन हजार एकवीसचा मे महिना होता. पेठेत एक दिवस आड कुणाच्या ना कुणाच्या दारात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागत होता. मरण झालेल्या घरात जायलाही माणसं भीत होती. मी मास्क लावून गेलो आणि स्टुडिओच्या पायरीवरच थांबलो. आत फरशीवर निगेटिव्हची पाकिटं, जुने अल्बम, फोटोंचे खोके पसरले होते आणि मधे सोमअण्णा मांडी घालून बसले होते. फ्लेक्सवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते.

"सर, हे बघा," असं म्हणून त्यांनी एकेक फोटो माझ्याकडं सरकवला. एका बारशाच्या फोटोत बाळाची मान सरळ धरणारा बांगड्यांचा हात होता. एका नवरीच्या फोटोत कडेला फ्लॅशच्या पांढऱ्या छत्रीचा दांडा आणि तो धरलेली चार बोटं. एका कुटुंबाच्या फोटोत मागच्या निळ्या पडद्यावर बाईची सावली.

"ही सगळी तीच. छत्तीस वर्षं क्यामेऱ्याच्या मागं उभी हुती. म्होरं कधी आलीच न्हाय. मी बी कधी बोलावलं न्हाय."

लग्नातला एक फोटो सापडला, पण त्यात बाशिंगाखाली चेहरा झाकलेला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्लेक्सवर लावला. पेठेतल्या निम्म्या घरांच्या भिंतीवर ज्याच्या हातचे फोटो होते, त्याच्या बायकोचा चेहरा पाण्याखाली धरल्यासारखा दिसत होता. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी उरकला. अण्णा आणि त्यांची मुलगी पवित्रा लांब उभे राहिले.

सोमशेखर पट्टणशेट्टी हे त्यांचं नाव. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, पार सीमेला टेकलेलं. घरात कानडी, दारात मराठी. पंच्याऐंशी साली नवीन लग्न झालेली बायको आणि एक जुना कॅमेरा घेऊन ते मंगळवार पेठेत आले आणि आमच्या घरापासून चौथा गाळा त्यांनी भाड्यानं घेतला. मुलगी झाल्यावर तिच्याच नावानं पाटी लावली, 'पवित्रा फोटो स्टुडिओ'. अण्णा फार बोलायचे नाहीत. बोलायचं काम शांतव्वांचं. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस ताठ होऊन बसला की त्या मागून ओरडायच्या, "पावणं, जरा हसा की! तोंड काय इस्त्री करून आणलंय व्हय?" माणूस हसायचा, आणि अण्णा तेवढ्यात बटण दाबायचे. पदर नीट करणं, पोरांच्या केसांना पाण्याचा हात लावणं, छत्री धरणं हे सगळं त्या करायच्या. मोबाइल आले, लोक स्वतःच फोटो काढायला लागले, तसं स्टुडिओत आधार-पॅनचे फोटो आणि झेरॉक्स एवढंच उरलं. तरी दोघं सकाळी दहाला शटर वर करायचे.

त्या गेल्यावर दीड वर्ष शटर कधी वर, कधी खाली. पवित्रा निपाणीला दिलेली. ती दर रविवारी यायची, डबे भरून ठेवायची, चला म्हणायची. अण्णा मान हलवायचे आणि इथंच राहायचे.

बावीस सालची दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी शाळेला निघालो होतो, तर अण्णा गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीत उभे दिसले. एकटक समोरच्या घराच्या पायरीकडं बघत होते. पायरीवर कुणीही नव्हतं.

"काय बघताय अण्णा?"

"ऊन," ते म्हणाले. मग बऱ्याच दिवसांनी ते सलग बोलले. आमची गल्ली पूर्व-पश्चिम. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून उत्तरेच्या रांगेतल्या पायऱ्यांवर नऊच्या सुमारास ऊन उतरतं आणि म्हातारी माणसं शेकायला बाहेर येऊन बसतात. चैत्रात तेच ऊन कौलांवर चढतं, पायऱ्या सावलीत जातात. तेव्हा मिरजकर तिकटीकडं जाणारे आडवे बोळ बरे, तिथं सकाळी आठला भिंतीवरून परतून आलेला उजेड मिळतो. आणि पावसाळ्यात कुठंही जावं. ढगातून येणारा उजेड सगळ्यांवर सारखा पडतो, सुरकुत्यांना मऊ करतो. "बायकांस्नी पावसाळ्याचा उजेड चांगला. शांतव्वाला लई चांगला दिसला असता."

"आणि हे कशासाठी?"

"पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांचं फोटो काढतो. एकेक. आत्ता, चांगली बसलीत तवर." थोडं थांबून ते म्हणाले, "सर, गेल्या वर्षी किती घरांत फोटोच नव्हता. मोबाइलमधनं कापून, दुसऱ्याच्या खांद्यासकट. माणूस गेल्यावर घरच्यांनी असं खोकं उपसत बसू नये."

असं ते चालणं सुरू झालं. वर्षातून तीन फेऱ्या. दिवाळीनंतर, चैत्रात आणि पावसाळ्यात श्रावणाच्या आधी. प्रत्येक फेरी तीन-चार आठवड्यांची. रोज सकाळी दोन तास. ते हळू चालायचे. दारात गेल्यावर आधी बसायचे, पाणी प्यायचे, दूध, दुखणी, नातवंडं असं काहीतरी ऐकून घ्यायचे. काही वेळा कॅमेरा न उघडताच उठायचे. "आज जमंना," एवढंच म्हणायचे. परत दोन दिवसांनी जायचे. फोटो मोठा छापून, खाकी पाकिटात घालून स्वतः नेऊन द्यायचे.

पहिल्या वर्षी पेठेनं ते डोक्यावर घेतलं. म्हातारी माणसं आंघोळ करून वाट बघत बसायची. बेलबागेतले एक निवृत्त कंडक्टर वारले तेव्हा त्यांच्या फ्लेक्सवर अण्णांनी काढलेला फोटो होता. येणारेजाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे. "आत्ता तिकीट मागंल बघ," असं एकजण म्हणाला आणि कंडक्टरांचा मुलगा तिथंच रडायला लागला. त्यानंतर तर लोक अण्णांना रस्त्यात अडवून सांगायचे, आमच्याकडं कधी येताय?

माझी आईही त्यातलीच. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीसुद्धा. शांतव्वांची आणि तिची घट्ट मैत्री. ती अण्णांना म्हणाली, "मला पावसाळ्यात घ्या. माझ्या तोंडाला तुमचं थंडीचं ऊन नको, आधीच खड्डं हायत." अण्णा हसले. तेवीसच्या पावसाळ्यात तिला मुंबईला माझ्या बहिणीकडं जावं लागलं, म्हणून ते राहिलं. पुढच्या पावसाळ्यात, असं ठरलं.

तेवीसच्या डिसेंबरात अण्णांनी केरबांचा फोटो काढला. केरबा फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस. वय ऐंशी, तोंडानं फटकळ, हसताना कुणी पाहिलेला नाही. त्यांची बायको शालूबाई गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी चालवते. केरबा त्या दिवशी फेटा बांधून बसले होते. अण्णांनी तो काढायला लावला. "रोज कसं बसताय तसं बसा." मी तेव्हा शेजारीच होतो. केरबांनी शिवी दिली, फेटा मांडीवर ठेवला, आणि कशावरून कोण जाणे, एकदम हसले. तोंडात चारच दात. कॅमेरा वाजला. तो फोटो मी पुढं पाहिला. ऊन डोक्यावरच्या पांढऱ्या केसांत शिरलंय, मांडीवर फेटा मांजरासारखा पडलाय आणि माणूस सगळा चेहरा उघडून हसतोय.

नवव्या दिवशी केरबा गेले. सकाळी चहा घेतला आणि मान टाकली.

त्या वर्षी थंडी जोराची पडली होती. संक्रांतीच्या आतबाहेर आणखी चार माणसं गेली. चौघंही अण्णांच्या फोटोतली. तशी सगळी पंच्याहत्तरीच्या पुढची, एक तर महिनाभर अंथरुणात होती. पण लोकांना पाच हा आकडा दिसला.

बोलणं गिरणीत सुरू झालं. दळणाला थांबलेल्या बायकांसमोर शालूबाई म्हणाली, "अण्णाच्या क्यामेऱ्याम्होरं बसलं, की माणूस घरातनं उठलं." एवढं एक वाक्य. गिरणीचा पट्टा फिरतो तसं ते पेठभर फिरलं. आठवड्यात पोरं अण्णांना बघून 'आला, आला' करत पळायला लागली. ज्यांच्या दारात पाकीट द्यायचं राहिलं होतं, त्यातल्या काहींनी पाकीटच घेतलं नाही. एका घरातून सुनेनं फोटो परत आणून दिला आणि म्हणाली, "तुमच्याकडनं काढून टाका. मशीनमधनं बी काढा." अण्णांनी तिच्यासमोर कॉम्प्युटर उघडला आणि तो फोटो पुसला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ते माझ्याकडं आले. मी शाळेत गणित शिकवतो. त्यांनी शंभर पानी वही पुढं ठेवली. प्रत्येक ओळीत नाव, वय, फोटो काढल्याची तारीख. काही नावांपुढं लाल शाईत दुसरी तारीख.

"एकशे बारा माणसं झाली सर. त्यातली तेरा गेली. हे जास्त हाय काय?"

मी वयं बघितली. हिशेब मांडला. पंच्याहत्तरीच्या पुढची शंभर माणसं घेतली तर वर्षाला सहा-सात जातातच, आणि यात नव्वदीला टेकलेली कितीतरी. सव्वा वर्षात दहा-बारा, तेरा, यात नवल काहीच नाही. मी त्यांना कागदावर सगळं दाखवलं.

"अण्णा, तुम्ही फोटो काढला नसता तरी एवढी माणसं गेलीच असती."

"ते मला बी कळतंय," ते म्हणाले. वही मिटून त्यांनी मांडीवर धरली. "पर आता फोटो काढताना बोट थांबतंय. म्हणतो, ह्यो बी जाणार का काय? सर, मला सांगा, मला असं का व्हावं?"

मी तो हिशेबाचा कागद घडी घालून त्यांना दिला. त्यांनी तो वहीत ठेवला.

आता माझा भाग. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

चोवीसच्या जुलैमध्ये, रविवारी सकाळी दार वाजलं. पाऊस पडून थांबला होता, पागोळ्या गळत होत्या, गल्लीत करडा उजेड भरला होता. खिडकीतून बघितलं तर छत्री घेतलेले सोमअण्णा. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. आक्काचं ठरलेलं होतं ना.

माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं. आक्काला त्या महिन्यात दोनदा दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मी दारात गेलो. ज्या माणसाला मी आकडे मांडून दाखवले होते, त्याला मी म्हणालो, "अण्णा, आक्का झोपलीय."

तेवढ्यात आतून आक्काचा आवाज आला. "कोण हाय रं? अण्णा काय? बसवून घे, मी आलो."

आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात. तिचा आवाज चांगला खणखणीत होता. अण्णांनी तो ऐकला, मी ऐकला. आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे होतो.

"असू दे," अण्णा म्हणाले. "झोपू दे त्यास्नी."

ते छत्री उघडून गेले. पाऊस नव्हता तरी छत्री उघडली.

आक्का माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी जागी हुतो. माझं झोपणं तू परस्पर सांगितलंस." ताटात तिनं भाकरी तशीच ठेवली. मी म्हणालो, अण्णांना बोलावतो. म्हणालो, आणि बोलावलं नाही. उद्या, परवा करत श्रावण संपला.

ऑगस्टअखेरीस गल्लीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष ऋतुराज अण्णांकडं गेला. पोरगा तसा सरळ. हात जोडूनच बोलला म्हणे. "अण्णा, आमचा काय इश्वास न्हाय असल्यावर. पर बायाबापड्या घाबरल्यात. गणपतीच्या तोंडावर गल्लीत वाद नको." अण्णांनी त्याला खुर्ची दिली आणि शब्द दिला, की घरच्या माणसानं येऊन सांगितल्याशिवाय पेठेत कुणाचाही फोटो काढणार नाही. पवित्रालाही कुणीतरी फोन केला होता. ती येऊन भांडली, रडली, "अप्पा, चला आता." ते गेले नाहीत.

चालणं मात्र त्यांनी सोडलं नाही. दिवाळीच्या अलीकडं सकाळी ते पुन्हा गल्लीत दिसायला लागले. पण आता माणूस समोर आला की कॅमेरा खाली करायचे. रिकाम्या पायऱ्या, कट्ट्यावर घडी घालून ठेवलेलं पोतं, टेकून टेकून भिंतीला पडलेला तेलकट डाग, बंद दारासमोरची चप्पल, असले फोटो काढायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. लोकही वाट सोडून उभे राहायचे.

दिवाळी झाली आणि आठ दिवसांनी आक्का गेली. पहाटे दम लागला, रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं.

दुपारी फ्लेक्ससाठी फोटो हवा म्हणून माणसं विचारायला लागली. माझ्या मोबाइलमध्ये आक्काचे फोटो होते. एकात डोळे मिटलेले, एकात पुढं नातू, एकात ती वळलेली. मी उठलो आणि सरळ स्टुडिओत गेलो. मनात एक वेडी आशा होती. आक्का हट्टी होती. मला न सांगता ती गेली असेल, आणि अण्णांनी काढून ठेवला असेल.

अण्णा उभे राहिले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "आल्या हुत्या."

"कधी?"

"नवरात्रात. दुपारी. काठी टेकत एकट्याच. पायरी चढताना मी हात दिला. हितं बसल्या." त्यांनी पडद्यासमोरच्या स्टुलाकडं बोट दाखवलं. "म्हणाल्या, काढा आता, लेक शाळेला गेलाय."

"मग?"

"मी काढला न्हाय."

"का?" मी विचारलं.

"ऋतुराजला शब्द दिलता, सर. घरच्या माणसानं येऊन सांगायचं. आणि तुम्ही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "त्यास्नी मी सांगितलं, लेकाला घिऊन या. त्या रागावल्या न्हाईत. अर्धा तास बसल्या. शांतव्वाचं काय काय बोलल्या. मग गेल्या. मला वाटलं, तुम्हाला सांगतील."

तिनं मला सांगितलं नव्हतं.

अण्णांनी माझा मोबाइल घेतला. पुतण्याच्या लग्नातला एक फोटो त्यांनी निवडला. त्यात आक्काच्या खांद्याला खांदा लावून कुणीतरी उभं होतं. तीन तास ते कॉम्प्युटरपुढं वाकून बसले. तो परका खांदा काढला, मागची माणसं काढली, साडीचा काठ नीट जुळवला. एकदाही मला लागेल असं बोलले नाहीत. शेवटी फक्त म्हणाले, "डोळं बारीक झाल्यात. त्यांचं तोंड उन्हाकडं हुतं. ह्याच्यापेक्षा जास्त न्हाय व्हनार."

आक्काचं दिवसकार्य झालं. जानेवारीत मी रजा काढली आणि अण्णांना म्हणालो, "यंदाच्या फेरीला मी बरोबर येतो. दार मी वाजवतो. घरच्यांशी मी बोलतो." ते नको म्हणाले. मी रोज जाऊन बसायला लागलो. सहाव्या दिवशी त्यांनी कॅमेरा गळ्यात घातला.

आम्ही आठ दिवस फिरलो. मी शिकवलेली पोरं आता त्या घरांतले बाप झालीत, त्यामुळं मला तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. "सर, चहा घ्या" म्हणायचे, बसवायचे, आणि मग आई गावाला गेलीय, वडिलांना बरं नाही, पुढच्या महिन्यात बघू. एका घरात तर मला ऐकू आलं, आत कुणीतरी हळूच कडी लावली. मी ती सगळी वाक्यं ओळखत होतो. वीस-बावीस दारांतून तिघांनी फोटो काढू दिला. तिसऱ्या आजीबाई म्हणाल्या, "काढ बाबा. खरं निघालं तर बरंच हाय, गुडघं लई दुखत्यात." अण्णांनी त्यांचा फोटो काढला.

शेवटच्या दिवशी परत येताना गिरणीवरून यावं लागलं. शालूबाई बाहेर येऊन थांबली होती. भुवयांवर, पापण्यांवर पीठ.

"सर, तुम्ही बी ह्यांच्यासंगं?" ती म्हणाली. मग अण्णांकडं वळली. "अण्णा, मी बोललो ते बोललो. माझ्या तोंडाला हाड न्हाय. पर मला तुमचा राग मरणाचा न्हाय. मरण काय, त्येचं त्येला आलं."

"मग?" मी विचारलं.

"त्यो फोटो." तिनं पदरानं तोंड पुसलं, तसं पीठ आणखी पसरलं. "पोरांनी सोप्यात लावलाय. सकाळ उठून बघावं तर त्यो हसतोय. सत्तावन्न वर्षं संसार केला मी. दळण दळलं, चार पोरं काढली, त्येची आजारपणं काढली. माझ्याकडं बघून एक दिवस असा हसला न्हाय. आणि तुमच्याकडं बघून हसला. तुम्ही कोण त्येचं?"

गिरणी आत रिकामीच फिरत होती. तिचा आवाज येत राहिला. अण्णा खाली बघत उभे होते. शालूबाई काहीतरी ऐकायला थांबली होती, हे मला दिसत होतं. अण्णांनी हात जोडले आणि चालायला लागले. ती आत गेली.

स्टुडिओच्या पायरीवर आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, काहीतरी बोलायचं होतं."

"शांतव्वा असती तर बोलली असती," ते म्हणाले. "म्हणाली असती, आवं बाई, तुम्ही मागनं चा घिऊन येत हुता, तुमच्याकडं बघूनच त्यो हसला. तिला असलं लगेच सुचायचं. आणि त्या बाईला बरं वाटलं असतं." कॅमेरा त्यांनी गळ्यातून काढला. "पर ती चा घिऊन येत नव्हती. गिरणीत हुती. मला खोटं जमत न्हाय, सर."

ती त्यांची शेवटची फेरी. एप्रिलमध्ये एका सकाळी शटर वर करताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. पवित्रा त्यांना निपाणीला घेऊन गेली. महिन्याभरानं गाळा रिकामा केला. पाटी उतरवताना मी होतो.

जूनमध्ये मी त्यांना भेटायला गेलो. पवित्रानं आधीच सांगून ठेवलं, "सर, त्यांची मराठी गेलीय. कळतं थोडंफार, पण बोलतात ते कानडीच." ते अंगणात खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी डावा हात पुढं केला आणि बोलायला लागले. मला कानडी येत नाही. ते बरंच बोलले, मधे थांबून माझ्या तोंडाकडं बघायचे, मी मान हलवायचो. चाळीस वर्षं आम्ही एका गल्लीत राहिलो आणि आता मला त्यांचं अक्षरही कळत नव्हतं. मी पवित्राकडं बघितलं.

"गावाकडचं बोलतायत," ती म्हणाली. "लहानपणचं. म्हशी, ओढा. पेठेचं काहीच नाही."

मी दोन तास बसलो. निघताना वाकून नमस्कार केला. पुन्हा जाईन म्हणालो. जाणं झालं नाही.

ऑगस्टमध्ये पवित्राचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. त्यांच्या गावी, भावकीच्या शेतात त्यांच्या रीतीनं त्यांना माती दिली. मी पोचलो तेव्हा त्यांना खड्ड्यात मांडी घालून बसवून झालं होतं, कपाळाला भस्म लावलेलं, मांडीवर बेलाची पानं. पाऊस बारीक होता. मी मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो.

ऋतुराजनं फ्लेक्ससाठी फोटो मागवला होता. पवित्रा म्हणाली, फ्लेक्स नको. म्हणून पेठेत काही लागलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मी परत आलो तेव्हा बायकोनं सांगितलं, आदल्या दिवशी बातमी आली आणि शालूबाईनं गिरणीचा पट्टा उतरवला. संध्याकाळपर्यंत गिरणी बंद होती. दळण घेऊन आलेल्या बायका डबे घेऊन परत गेल्या. कुणीतरी दार वाजवून विचारलं, तर आतून आवाज आला, "आज न्हाय. उद्या या."